तिसरं माणूस

दूध उतू गेलं ते तिघंही घरात असताना. कोंडूभाऊ गॅससमोरच उभे होते, पण त्यांची नजर खिडकीबाहेर, शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसलेल्या वानरावर होती. त्यांची मुलगी स्नेहल हातभर अंतरावर लसूण सोलत बसली होती. पातेल्यातली साय फुगून वर यायला लागली ती पहिल्यांदा तिलाच दिसली. तिने मान वळवली आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईला उद्देशून, पण वडिलांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, "आये, दूध वर येतंय गो." आतून चंदाने सवयीने आवाज दिला, "अहो, दूध." कोंडूभाऊंनी दचकून खाली पाहिलं, बटण फिरवलं, पण तोवर निम्मं दूध ओट्यावरून ओघळून फरशीवर आलं होतं. स्नेहलने फडकं घेतलं, कोंडूभाऊ बाजूला सरकले. रोजच्यासारखी गोष्ट होती आणि रोजच्यासारखीच संपायची. पण चंदाच्या हातात नवऱ्याचा सदरा होता, एक बाही दुमडलेली, दुसरी मोकळी, आणि ती दुसरी बाही दुमडायची राहून गेली.

कोंडूभाऊ भातसानगरला धरणाच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहापुरात तीन खोल्यांचं घर बांधलं आणि दूध तापवणं हे एकच घरकाम अंगावर घेतलं. माणूस तापट नव्हता. त्यांनी हात उगारलेला कोणी पाहिला नाही, तोंडून शिवी ऐकली नाही. तरी त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही, हा शेणवे या त्यांच्या गावच्या घराचा रिवाज होता आणि तो कोणी घालून दिला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसाला तोंडावर 'हे असं आहे' सांगणं म्हणजे त्याला ते दिसलं नाही असं म्हणणं, आणि तसं म्हणणं वाईट. म्हणून जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, मोठ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग तिसऱ्याने ते रीतसर पोचवायचं. बहुतेक वेळा ते आधीच पोचलेलं असायचं, पण तिसऱ्याने तोंड उघडल्याशिवाय मोठा माणूस हलायचा नाही. कोंडूभाऊ स्वतः आपल्या बापाशी आईमार्फत बोलत. आई वारली तेव्हा बापलेकांची पंचाईत झाली, तर दोघे बैलाशी बोलायला लागले. "ढवळ्या, उद्या लावणीला हात घालू का रे," असं गोठ्यात उभं राहून कोंडूभाऊ विचारायचे आणि ओटीवरून म्हातारा बैलालाच उत्तर द्यायचा. चंदा लग्न होऊन आली तेव्हा बैल सुटला. तिचं माहेर मुरबाडकडचं, भांडकुदळ. तिथे सून सासऱ्याला तोंडावर सुनवायची आणि संध्याकाळी सगळे एकाच पंगतीला बसायचे. शेणव्याची ही रीत तिला आधी हसण्यासारखी वाटली, मग गोड वाटली, आणि पुढे तर ती त्यात अशी काही मुरली की तिच्यावाचून घरातला एक शब्द इकडचा तिकडे होईना. तिला त्याचा अभिमान होता. हे घर माझ्या तोंडून चालतं, असं ती माहेरी सांगायची.

सदरा मांडीवर तसाच ठेवून ती बसली. स्वयंपाकघरातून दुधाचा करपट वास येत होता आणि तिला वाटलं की आपल्याला काहीतरी आठवतं आहे, पण काय ते अजून पुढे येत नाही. शेजारच्या पाहुण्यांचं नाव ओठांवर यावं आणि फुटू नये, तसं. कालपासून डोक्यात तो अपघाताचा अहवाल होता. त्यांच्या मुलाला, आदेशला, जाऊन वर्ष होत आलं. तो विमानावर सहवैमानिक होता, म्हणजे डाव्या खुर्चीत कॅप्टन बसतात त्यांच्या उजव्या हाताचा. पूर्वेकडच्या एका डोंगराळ गावी सकाळी उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडेच डोंगराला धडकलं आणि आतलं एकही माणूस वाचलं नाही. चौकशी झाली, तिचा अहवाल आता कंपनीने स्नेहलच्या फोनवर पाठवला. ती मुरबाडच्या शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारची शाळा सुटल्यावर एसटीने आली आणि संध्याकाळी तिने तो मराठीत करून सांगितला. सांगितला म्हणजे आईला सांगितला. कोंडूभाऊ दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून ऐकत होते.

त्यात कारणं होती. एवढी कारणं असतात हे चंदाला माहीत नव्हतं. ढग खाली आलेले होते. विमानाला उतरायची वाट दाखवणारं जमिनीवरचं यंत्र नेमकं त्या आठवड्यात दुरुस्तीला काढलं होतं. कॅप्टनांचं पहाटेपासूनचं ते तिसरं उड्डाण होतं, आणि माघारी फिरायचं तर प्रवाशांना भलत्याच गावी नेऊन ठेवावं लागलं असतं. धावपट्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ज्या उंचीच्या खाली यायचं नसतं, त्या उंचीच्या खाली कॅप्टन आले. जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र विमानात होतं, पण त्या डोंगराजवळ ते एरवीही उगाच ओरडायचं, म्हणून कोणी त्याला जुमानत नव्हतं. आणि सहवैमानिक. त्याने दोनदा नियमाप्रमाणे इंग्रजीत उंची सांगितली, धावपट्टी दिसत नाही हेही सांगितलं. कॅप्टन म्हणाले, दिसेल. तिसऱ्यांदा तो मराठीत बोलला. "आये, डोंगर हाय गो." कॅप्टन विदर्भाकडचे, बापाच्या वयाचे, मराठी बोलणारे. ते म्हणाले, "घाबरू नको बाळ." त्यापुढे ध्वनिमुद्रणात नुसता आदळल्याचा आवाज. अहवालाचं म्हणणं, सहवैमानिक भीतीने गोठला, आईचा धावा करत राहिला, आणि विमान वर घ्या असं सांगणं किंवा स्वतः वर घेणं, दोन्ही त्याच्याकडून झालं नाही. मागे एका पानावर असंही होतं की त्या वाक्याच्या वेळी विमान वर उचललं असतं तर डोंगर ओलांडला असता. एवढं वाचून स्नेहलने फोन पालथा ठेवला. कुटुंबाला काही म्हणायचं असेल तर या आठवड्यात कळवायचं होतं. कोणाला काही म्हणायचं नव्हतं.

चंदाला ती सगळी कारणं नात्यातल्या माणसांसारखी वाटत राहिली, जवळची आणि लांबची. लांबची तर कुठवरही नेता आली असती. मोठा महामार्ग शेणव्याच्या बाजूने गेला नसता तर भाताची खाचरं गेली नसती, त्याचे पैसे आले नसते, आणि शेतकऱ्याच्या घरातलं पोर विमान शिकायला गेलं नसतं. भातसानगरच्या क्वार्टरच्या अंगणातून मुंबईकडे उतरणारी विमानं दिसली नसती तर त्याला ते सुचलंही नसतं. अशी कारणं ती रात्रभर लावत होती आणि तिला त्यांचं काही वाटत नव्हतं. जवळचं कारण मात्र तिने पाहिलंच नव्हतं. आता दुधाच्या वासात ते तिच्यासमोर येऊन बसलं. स्नेहल तिला मम्मी म्हणते. आज सकाळी उठल्यापासून, मम्मी चहा, मम्मी माझी ओढणी, मम्मी बसचा टाइम बघ. आणि दूध वर आलं तेव्हा, वडील समोर उभे असताना, आये. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यापासून तिला मम्मी म्हणायची. आये हा शब्द त्यांनी एकाच कामासाठी ठेवला होता. बाप घरात असला आणि बापाला काही सांगायचं असलं की आये. फोनवर आदेशने तिला कधी आये म्हटलं नाही. ताप आला, परीक्षेत नापास झाला, पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं आणि रडत फोन केला, तेव्हाही मम्मीच.

तो नऊ-दहा वर्षांचा असेल. क्वार्टरच्या मागे कोंडूभाऊ लाकडं रचत होते आणि त्यांच्या टाचेपाशी घोणस पडली होती. पोराने पाहिली. पोर बापापासून दोन पावलांवर उभं होतं. ते ओरडलं नाही, बापाला ढकललं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून शांतपणे म्हणालं, "आये, साप हाय गो." चंदा आतून ओरडली, "अहो, पाय." कोंडूभाऊ बाजूला उडी मारून वाचले. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट लग्नाकार्यात सांगितली जायची. केवढं गुणाचं पोर, साप बघूनही बापाच्या तोंडावर बोललं नाही, असं म्हणून सगळे हसायचे. चंदा ती सगळ्यांत रंगवून सांगायची. कोंडूभाऊ ऐकताना खाली बघून मिशीत हसायचे. त्या गोष्टीत हसण्यासारखं काय होतं, हे ती आता शोधत होती. घोणस टाचेपाशी असताना एक वाक्य अंगणातून स्वयंपाकघरात गेलं आणि स्वयंपाकघरातून अंगणात परत आलं. तेवढा वेळ घोणशीने दिला, इतकंच. विमानात दोनच खुर्च्या होत्या. इंग्रजीत सांगायचं ते पोराने सांगून झालं होतं, शिकवल्यासारखं, न घाबरता. इंग्रजी संपलं तेव्हा त्याला घरातली रीत आठवली, बापाच्या वयाचा माणूस मराठी बोलतो आहे, मग त्याने नीट रीतीप्रमाणे तिसऱ्याकडे तोंड करून सांगितलं. सांगून तो थांबला असेल. मधलं माणूस आता बोलेल म्हणून थांबला असेल. आणि त्या बिचाऱ्या कॅप्टनाच्या घरात अशी रीत नसणार. त्याला वाटलं, पोर आईला हाक मारतं आहे. कोणालाही तसंच वाटलं असतं. तिला स्वतःला वर्षभर तसंच वाटलं होतं.

वाटलं होतं, आणि त्यावर ती जगली होती. हे कबूल करायला तिला जड गेलं, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अपघातानंतर महिन्याभरात ते वाक्य पेपरात आलं. त्या दिवसापासून शहापुरात ती बाजारात गेली तरी बायका हात धरायच्या. "शेवटाला तुझंच नाव घेतलं गो पोरानं." गिरणीवर तिला पुढे घ्यायच्या. तिची जाऊ बारकी, जी एरवी चार शब्द नीट बोलत नाही, ती गळ्यात पडून म्हणाली, "मरताना आई आठवावी येवढं भाग्य कुनाला मिलतं." चंदा रात्री अंथरुणावर पडली की तो आवाज ऐकायची. तिने तो स्वतःच्या मनाने घडवला होता, घाबरलेला, लहान मुलाचा, तिला शोधणारा. त्याला ती अंधारात उत्तर द्यायची. हाय रे, मी हाय. यात तिचा वेळ जायचा आणि झोप लागायची. शेणव्याच्या नाक्यावर गावाने आदेशच्या नावाने एसटीचा निवारा बांधला होता. पुतण्या सुनिलने परवाच फोन करून विचारलं होतं की फरशीवर नावाखाली 'शेवटचा शब्द, आई' असं कोरतो, चालंल ना काकी. ती म्हणाली होती, चालंल. आता हे सगळं हातातून सोडायचं होतं, आणि सोडायचं नसलं तर नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं सोपं होतं. कोणी विचारणार नव्हतं.

पण कोंडूभाऊ. तिला वर्षभर त्यांचा राग होता, तोही तिने कोणाला सांगितला नव्हता. ज्या वाक्यावर ती जगत होती त्याच वाक्याने हा माणूस खचून गेला होता. पूर्वी दर गुरुवारी ते भातसानगरला जाऊन जुन्या सोबत्यांबरोबर चहा पिऊन यायचे. पेपरात आलं त्यानंतर एकदाच गेले. तिथे कोणीतरी म्हणालं की पायलटसारखा पायलट, आन टायमाला आईला हाका मारतोय, येवढी मानसं मागं बसलेली. कोंडूभाऊ चहा ठेवून उठून आले आणि पुन्हा गेले नाहीत. हे तिला बारकीकडून कळलं. तिला वाटलं, याला पोराची लाज वाटते. बाप आहे की कोण आहे. पोराने आईला हाक मारली तर याचं काय गेलं. ती लाज तिने त्यांना माफ केली नव्हती. आणि आता तिच्याजवळ एक गोष्ट होती जी त्यांना सांगितली तर त्यांचं पोर त्यांना परत मिळणार होतं, न घाबरलेलं, आपलं काम केलेलं. त्याच्या बदल्यात तिची हाक जाणार होती. आणि ते एवढ्यावर थांबणारही नव्हतं, कारण पोर घाबरलं नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न उभाच होता की मग ते असं बोलायला शिकलं कुठे.

जेवणं झाली. स्नेहल चारच्या एसटीने मुरबाडला निघणार होती. ती आईपाशी येऊन म्हणाली, "मम्मी, त्या अहवालाचं काय कळवू? काही नसेल तर तसं लिहून टाकते, काही म्हणणं नाही." चंदा म्हणाली, "थांब जरा." स्नेहलने तिच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन बॅग भरायला लागली. कोंडूभाऊ पुढच्या ओटीवर वालाच्या वाळलेल्या शेंगा सोलत बसले होते. चंदा त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिला सुरुवात सुचेना. इतक्या वर्षांत ती या माणसाशी हजारो वेळा बोलली होती, पण त्यातलं तिचं स्वतःचं असं किती होतं ते आठवेना. पोरांचं सांगितलं होतं, सासऱ्यांचं सांगितलं होतं, बारकीचं, दुधवाल्याचं. ती पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "आदेश मला हाक मारत नव्हता."

कोंडूभाऊंचा अंगठा शेंगेवर चालत राहिला.

"तो त्या साहेबाला सांगत व्हता. डोंगर हाय म्हनून. आपल्या घरात सांगतात तसं. मधी मी नव्हते म्हनून ते तिथंच राहिलं. घाबरला नव्हता तो."

त्यांनी दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला टाकलं. मग म्हणाले, "माला ठाव हाय."

"कवापासून?"

"पेपरात आलं त्या दिवसापासून. वाचला आन कलला. सापाच्या टायमाला असाच बोलला व्हता."

चंदाला आधी काही समजलंच नाही. मग समजलं ते सगळं एकदम. भातसानगरच्या त्या चहाच्या टपरीवर या माणसाकडे उत्तर होतं. माझा पोर घाबरला नाय, त्यानं सांगितलं, असं एक वाक्य बोलायचं होतं आणि ते न बोलता ते उठून आले. तिने विचारलं, "मग बोलला का नाय?"

"काय बोलू? तुला तेवढीच हाक व्हती."

तिला राग आला. इतका आला की हातातली शेंग तिने चुरडून टाकली. वर्षभर हा माणूस आपल्या पोराला भित्रं म्हणवून घेत बसला, तिच्यासाठी, तिला न विचारता, आणि ती त्याला मनातल्या मनात बोल लावत होती. त्याचा तो मोठेपणा तिला नको होता. आणि नको म्हणायला तोंडही नव्हतं, कारण त्याच्या जिवावर ती रोज झोपली होती. तेच पुढे म्हणाले, खाली बघून, "आन तेवढ्यासाठीच गप बसलो असं पन नाय. बोललो असतो तर पुढचं पन बोलावं लागलं असतं."

"पुढचं काय?"

"कोनाच्या घरात शिकला तो, असं बोलायला."

रस्त्याने एक जीप मुरबाडची हाळी देत गेली. चंदाने चुरडलेल्या शेंगेतले दाणे वेचून टोपलीत टाकले. सासरे आणि बैल तिच्या डोळ्यांसमोरून गेले, लग्नातली हसणारी माणसं गेली, त्यांत ती स्वतः हात हलवून घोणशीची गोष्ट सांगत होती. यांच्या एकट्याचं घर नव्हतं ते. "आपल्या," ती म्हणाली. कोंडूभाऊंनी मान वर केली आणि होकाराची हलवली. ती म्हणाली, "सुनिलला मी सांगते. फरशीवर नुसतं नाव घाल म्हनून." हे बोलताना तिचा आवाज नेहमीचाच होता, पण आज रात्री अंथरुणावर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं आणि त्याची तिला भीती वाटली.

आत बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. कोंडूभाऊ म्हणाले, "तिला सांग, लिव म्हनावं. तो घाबरला नव्हता हे लिव. आन घरात कसं बोलतात ते पन लिव, काय लपवू नको. त्या कॅप्टनच्या घरच्यांना पन कलू दे, त्यांच्या मानसाला ते उमगन्यासारखं नव्हतंच."

चंदाने तोंड उघडलं. स्नेहल हा शब्द तिच्या जिभेवर आला होता, नुसता सोडायचा होता, आणि त्यामागे बाकीचं सगळं आपोआप गेलं असतं, बापाचं मुलीला, रीतसर. तिने तोंड मिटलं.

"तुमी सांगा," ती म्हणाली.

कोंडूभाऊ तिच्याकडे बघत राहिले, जणू तिने त्यांना छपरावर चढायला सांगितलं होतं. त्यांनी हात झटकले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग त्यांनी हाक मारली, "स्नेहल." ती गरजेपेक्षा फारच मोठ्याने गेली, कारण हे नाव केवढ्याने हाकारायचं असतं याचा त्यांना अंदाज नव्हता. स्नेहल खांद्याला बॅग लावून दारात आली. चेहरा उतरलेला, काहीतरी झालं असं वाटून धावत आलेली. तिने वडिलांकडे पाहिलंच नाही. तिने आईकडे पाहिलं, काय म्हणतात ते आईने सांगावं म्हणून.

चंदाने टरफलांची पाटी उचलली आणि दोघांच्या मधून घरात गेली, स्वयंपाकघरातून मागल्या दारी. मग कोंडूभाऊंचा आवाज आला, "बस." आणि पुन्हा काही नाही. पाटी हातात तशीच धरून ती उंबऱ्याबाहेर आली आणि तिने मागचं दार ओढून घेतलं.